परदेशातल्या इंटर्नशिपमध्ये मुलांच्या उन्हाळी शिबिरात मदत करायची तर: तयारीपासून निरोपापर्यंत

सामाजिक संस्थेत इंटर्न म्हणून परदेशी गेलेल्यांच्या वाट्याला बहुतेक वेळा टेबलावरचं काम येतं: अहवाल, निधीचे अर्ज, बैठकींची टिपणं. मग उन्हाळा सुरू होतो, शाळा सुटतात आणि संस्थेतला हाताशी असलेला प्रत्येक माणूस मुलांच्या शिबिरावर पाठवला जातो. काही जण तर थेट शिबिरासाठीच इंटर्नशिप घेतात. दोघांच्याही डोक्यात गाणी, खेळ आणि रंगकामाचं चित्र असतं. त्यात चूक काही नाही, ते सगळं असतंच. पण शिबिर चालवणाऱ्यांना नव्या इंटर्नकडून आधी एक साधी गोष्ट हवी असते. सांगितलेल्या वेळी, सांगितलेल्या जागी, मुलांकडे लक्ष ठेवून उभा असलेला भरवशाचा मोठा माणूस त्यांना हवा असतो. भाषा तोडकीमोडकी असली तरी हे जमतं, आणि हे जमलं की बाकीचं हळूहळू जमत जातं. हा सगळा लेख त्या भरवशाची तयारी कशी करायची याबद्दल आहे.

जाण्याआधी: कागद आणि अवघड प्रश्न

पहिला प्रश्न व्हिसाचा. ‘पगार घेत नाही, मग काम कसलं?’ असं आपल्याला वाटतं, पण अनेक देशांचे कायदे बिनपगारी कामालाही कामच मानतात. ब्रिटनमध्ये साध्या व्हिजिटर व्हिसावर नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठी जास्तीत जास्त ३० दिवस स्वयंसेवा करता येते. त्याहून जास्त दिवस काम करायचं तर वेगळा मार्ग शोधावा लागतो. अमेरिकेत शिबिरासाठी जे-१ व्हिसात ‘कॅम्प काउन्सिलर’ असा स्वतंत्र गट आहे. त्यासाठी वय किमान १८ लागतं, मुदत जास्तीत जास्त चार महिने असते, आणि त्या व्हिसावर आलेल्याला स्वयंपाकघरात किंवा कार्यालयात जुंपता येत नाही. तुम्ही ज्या देशात जाणार आहात तिथला नियम त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावर स्वतः वाचा आणि ‘मी कोणत्या आधारावर तिथे काम करणार आहे?’ हे संस्थेकडून लेखी घ्या. ‘आमच्याकडे सगळे असेच येतात’ हे उत्तर पुरेसं नाही.

दुसरा कागद चारित्र्य पडताळणीचा. इंग्लंड आणि वेल्समध्ये डीबीएस तपासणी (गुन्ह्यांच्या नोंदींची सरकारी तपासणी) असते, ऑस्ट्रेलियात प्रत्येक राज्याची मुलांसोबत काम करण्यासाठीची वेगळी परवानगी असते. इतर ठिकाणी बहुधा तुमच्या देशातलं पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट मागतात, आणि कधी त्यावर १९६१ च्या हेग करारानुसारचं अपॉस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचं परदेशात चालणारं सरकारी प्रमाणपत्र, लागतं. याला आठवडे जातात, म्हणून तिकीट काढण्याआधीच अर्ज करून टाका. इथे माझं मत स्पष्ट आहे: मुलांसोबत काम करायला बोलावणारी संस्था पडताळणी, संदर्भपत्रं, मुलाखत यांपैकी काहीच मागत नसेल, तर तिथे जाऊ नका. तुमची चौकशी न करणाऱ्यांनी बाकीच्यांचीही केलेली नसते.

मग संस्थेला ईमेल लिहा आणि हे विचारा:

- मुलांचं वय काय? शिबिर दिवसापुरतं की निवासी?
- एका मोठ्या माणसामागे किती मुलं असतील? त्या हिशेबात मला धरणार आहात का?
- बालसंरक्षणाची जबाबदारी कोणाकडे आहे? ती व्यक्ती रोज शिबिरात असते का?
- औषधं आणि प्रथमोपचार कोण पाहतं?
- पोहणं, नदी, समुद्र, डोंगर यांपैकी काय आहे?
- मुलं कोणत्या परिस्थितीतून येतात? विस्थापित कुटुंबं, पालक गमावलेली, अपंगत्व असलेली?
- माझा विमा कोणाचा, आणि त्यात हे काम मोडतं का?

मुलांच्या प्रमाणाबद्दल एक मोजपट्टी जवळ ठेवा. अमेरिकन कॅम्प असोसिएशनच्या निकषांनुसार निवासी शिबिरात ६ ते ८ वर्षांच्या सहा मुलांमागे आणि ९ ते १४ वर्षांच्या आठ मुलांमागे एक मोठा माणूस हवा. दिवसाच्या शिबिरात हेच आकडे आठ आणि दहा होतात. प्रत्येक देश हाच आकडा पाळतो असं नाही. पण वीस लहान मुलं आणि सोबतीला भाषा न येणारे एकटे तुम्ही, असं चित्र दिसलं तर ते चुकीचं आहे एवढं त्यावरून नक्की कळतं. तेव्हा ‘नाही’ म्हणायला लाजू नका.

निघण्याआधी प्रथमोपचाराचा एक मान्यताप्राप्त वर्ग करा, मुलांना सीपीआर (हृदय थांबलं तर छाती दाबून आणि तोंडाने श्वास देऊन करायचा उपचार) देणं ज्यात शिकवतात असा. व्हिडिओ पाहून हे येत नाही, पुतळ्याच्या छातीवर हात ठेवून दाबावं लागतं.

पोहोचल्यावर, मुलं येण्याआधी

शिबिराची जागा पायी फिरून पाहा, शक्यतो तिथे आधी काम केलेल्या कोणाबरोबर. शौचालयं कुठे आहेत, कुंपण कुठे तुटलंय, कोणतं फाटक बंद होत नाही, सावली दुपारी कुठे सरकते, पिण्याचं पाणी किती लांब आहे, प्रथमोपचाराची पेटी कुठे टांगली आहे, आग लागली तर सगळ्यांनी कुठे जमायचं, मोबाइलला रेंज कुठे येत नाही. मोठ्या झाडामागे किंवा इमारतीच्या कोपऱ्यावर मुलं नजरेआड होतात, त्या जागा खास लक्षात ठेवा. पुढे रोज तुम्ही कुठे उभं राहायचं हे त्यावरूनच ठरणार आहे.

खिशात एक कार्ड ठेवा. त्यावर तिथला आपत्कालीन क्रमांक (युरोपीय संघाच्या देशांत ११२, अमेरिकेत ९११, ऑस्ट्रेलियात ०००, न्यूझीलंडमध्ये १११), शिबिराचा पूर्ण पत्ता आणि जवळची ठळक खूण स्थानिक भाषेत लिहा, आणि उच्चार खाली देवनागरीत. घाबरलेल्या अवस्थेत परक्या भाषेतला पत्ता आठवत नाही, वाचता मात्र येतो. मोठ्याने दोन-चारदा वाचून सराव करा आणि समोरच्याला कळतंय का ते स्थानिक सहकाऱ्याकडून तपासून घ्या.

भाषेचं म्हणाल तर सगळी भाषा शिकण्याच्या मागे लागू नका. मैदानावर लागणारी वीस-तीस वाक्यं पक्की करा. थांब. इकडे ये. हळू. हात धर. पाणी पी. कुठे दुखतंय? शौचालयाला जायचंय? पुन्हा सांग, मला कळलं नाही. चल, आपण तिला विचारू. छान केलंस. यातलं ‘थांब’ सगळ्यात महत्त्वाचं, आणि ते योग्य आवाजात आलं पाहिजे: ओरडा वाटू नये, पण वीस पावलांवर ऐकू यावं. मोकळ्या जागेत जाऊन त्याचा सराव करा. मुलांची नावंही नीट शिका. यादी आधीच मिळाली तर उच्चार विचारून टिपून ठेवा. मोडक्या भाषेत बोललेलं मुलं चालवून घेतात, चुकीचं नाव मात्र त्यांना खटकतं.

संस्थेचं बालसंरक्षण धोरण मागून घ्या, वाचा, शंका विचारा आणि मगच सही करा. तुम्हाला वाचता येईल अशा भाषेत ते नसेल, तर कोणीतरी समोर बसून समजावून द्यावं असा आग्रह धरा.

मर्यादा: या बाबतीत सूट नाही

कोणत्याही मुलासोबत बंद जागेत एकटं राहायचं नाही. मूल शौचालयात गेलं तर बाहेर थांबा, दुसऱ्या मोठ्याला दिसाल असे. कपडे ओले झाले, बदलायला मदत हवी आहे, तर दुसऱ्या कोणाला बोलवा आणि मुलाला जे स्वतः जमतं ते त्याला स्वतःलाच करू द्या. एखाद्याशी शांतपणे बोलायचं असेल तर मैदानाच्या कडेच्या बाकावर बसा: बोलणं इतरांना ऐकू जाणार नाही, पण दोघंही सगळ्यांना दिसाल. हा नियम मुलांना जपतो आणि तुम्हालाही.

स्पर्शाबाबत सोपा निकष असा, की पुढाकार मुलाचा, जागा उघडी आणि वेळ थोडा. धावत येऊन कमरेला मिठी मारणाऱ्या चिमुरड्याला झटकून टाकायची गरज नाही. पाठीवर हलकेच थोपटा आणि त्याच्या उंचीला वाकून बोला. मांडीवर बसवणं, गाल ओढणं, गुदगुल्या करणं, पाठुंगळीला घेणं हे टाळा. ज्या मुलाला स्पर्श नको असतो ते तोंडाने नेहमी सांगत नाही, अंग आखडून घेतं. तिकडे लक्ष असू द्या.

मारणं, कान पिळणं, उन्हात उभं करणं, जेवण रोखणं, सगळ्यांसमोर लाजवणं यांतलं काहीही नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेचं १९ वं कलम मुलांना शारीरिक आणि मानसिक हिंसेपासून संरक्षण देतं. १९७९ मध्ये स्वीडनने मुलांना मारण्यावर, अगदी घरातसुद्धा, कायद्याने बंदी घातली. आज असे साठाहून अधिक देश आहेत. तुम्ही ज्या देशात आहात तिथे ‘हलकीशी चापट’ हा गुन्हा असू शकतो. कायदा नसता, तरी शिबिरात मारलेल्या मुलाला ते ठिकाण पुन्हा सुरक्षित वाटत नाही, आणि मला तेच कारण जास्त मोठं वाटतं.

फोटोंचा मोह आवरा. स्वतःच्या मोबाइलवर मुलांचे फोटो काढू नका. संस्थेने पालकांची लेखी परवानगी घेतली असेल आणि संस्थेच्या कॅमेऱ्यावर काढायला सांगितलं असेल, तरच काढा. काही कुटुंबं कोणापासून तरी लपून राहत असतात. एका हसऱ्या फोटोमागच्या भिंतीवरचं शाळेचं नाव त्यांचा ठावठिकाणा सांगायला पुरेसं असतं. मुलांशी समाजमाध्यमांवर जोडून घेऊ नका, वैयक्तिक नंबर देऊ नका, एकाच मुलाला भेटवस्तू देऊ नका.

आणि एक दिवस एखादं मूल तुम्हाला काहीतरी सांगेल. घरी कोणीतरी मारतं, किंवा त्याहून वाईट. तुम्ही परके आहात, थोड्या दिवसांनी जाणार आहात, म्हणूनच कदाचित ते तुम्हाला सांगेल. अशा वेळी:

१. शांत राहा, ऐका. चेहऱ्यावर धक्का दिसला की मूल गप्प होतं.
२. ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. ‘तू सांगितलंस ते बरं केलंस. तुला मदत करू शकेल अशा माणसाला मला हे सांगावं लागेल’ एवढं म्हणा. हे वाक्य स्थानिक भाषेत आधीच पाठ करून ठेवा.
३. खोदून विचारू नका. ‘मामाने केलं का?’ असा उत्तर सुचवणारा प्रश्न तर नकोच. पुढच्या तपासाला त्याने बाधा येते.
४. बोलणं संपलं की लगेच, मुलाच्या शब्दांत जसंच्या तसं लिहून काढा. तारीख, वेळ, जागा टाका. स्वतःचे निष्कर्ष लिहू नका.
५. त्याच दिवशी बालसंरक्षणाच्या जबाबदार व्यक्तीला सांगा. तक्रार त्याच व्यक्तीबद्दल असेल तर तिच्या वरच्या माणसाला किंवा तिथल्या बालसंरक्षण यंत्रणेला.
६. इतर कोणाशीही, अगदी सोबतच्या इंटर्नशीही, याची चर्चा नाही.

दिवस कसा जातो, आणि कुठे घसरतो

गोंधळ बहुतेक वेळा दोन खेळांच्या मधल्या वेळेत होतो. मैदानावरून जेवणघराकडे, बसमधून उद्यानात, शौचालयातून वर्गात. खेळ सुरू असताना सगळ्यांचं लक्ष एकीकडे असतं. तो संपला की मुलं चहूकडे पांगतात आणि मोठी माणसं साहित्य गोळा करत बसतात. म्हणून मधल्या वेळेची वाटणी आधी करा: एक जण पुढे, एक जण शेवटच्या मुलाच्याही मागे, साहित्य नंतर. तुम्ही नवे असाल तर मागची जागा मागून घ्या. तिथे बोलावं कमी लागतं, पाहावं जास्त लागतं.

मोजणी हा शिबिराचा कणा आहे. सकाळी हजेरी झाली की आजचा आकडा कागदावर आणि स्वतःच्या हातावरही लिहा, समजा २३. मग निघण्याआधी मोजा, बसमध्ये चढल्यावर मोजा, उतरल्यावर मोजा, पाण्याजवळ जाण्याआधी आणि नंतर मोजा, शौचालयाच्या फेरीनंतर मोजा. मोजताना मुलांना स्थिर उभं किंवा बसलेलं ठेवा. धावत्या मुलांना मोजलं तर एक जण दोनदा येतो आणि एक राहून जातो. दोन मोठ्यांनी वेगवेगळं मोजावं आणि आकडा एकमेकांना मोठ्याने सांगावा. जुळला नाही तर कोणीही हलायचं नाही, नावं घेऊन पुन्हा हजेरी. एखादं मूल लवकर घरी गेलं तर आकडा त्याच क्षणी बदला आणि सगळ्यांना कळवा. आकडा जमला म्हणजे तीच मुलं आहेत असं नाही. बागेत शेजारच्या गटातलं एखादं मूल तुमच्या रांगेत येऊन उभं राहतं आणि तुमचं एक झोपाळ्यावरच असतं. म्हणून सहलीच्या दिवशी एका रंगाच्या टोप्या किंवा बनियन असतील तर उत्तम, शिवाय मुलांच्या जोड्या लावा. ‘माझा जोडीदार कुठाय?’ हा प्रश्न मूल तुमच्या आधी विचारतं.

जेवणाच्या वेळी ॲलर्जीची यादी पाठ असली पाहिजे, फक्त भिंतीवर लावलेली नको. युरोपीय संघात पदार्थात १४ ठरावीक ॲलर्जीकारक घटक असतील तर ते सांगणं कायद्याने बंधनकारक आहे. त्यात शेंगदाणे, दूध, अंडी, मासे, तीळ, मोहरी हेही येतात. धोका ताटातल्या पदार्थापेक्षा शेजाऱ्याच्या डब्यात जास्त असतो. मुलं खाऊची अदलाबदल करतात, आणि ते मायेने करतात. म्हणून नियम पहिल्याच दिवशी सांगा आणि स्वतःही कोणाला आपल्या पिशवीतलं काही देऊ नका.

संध्याकाळी मुलाला कोण न्यायला येणार याची यादी असते. यादीत नसलेला माणूस आला तर तो कितीही ओळखीचा वाटो, मूल ‘काका’ म्हणून त्याच्याकडे धावत जावो, तुम्ही स्वतः निर्णय घेऊ नका. हसून थांबवा आणि प्रमुखांना बोलवा. पालक चिडले तर चिडू द्या.

भाषा न येता खेळ कसा घ्यायचा

खेळ निवडताना मी दोन गोष्टी पाहते: नियम बोलून सांगावे लागतात का, आणि हरलेलं मूल बाहेर बसतं का. दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल तर तो खेळ पहिल्या आठवड्यासाठी चांगला.

माझ्या पसंतीचा एक खेळ सविस्तर सांगते, दगड-कागद-कात्रीची आगगाडी. मुलं मैदानात मोकळी फिरतात. दोघं समोरासमोर आली की दगड-कागद-कात्री खेळतात. हरणारा जिंकणाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून मागे उभा राहतो आणि त्याच्या नावाचा जयघोष करतो. आता ही दोन डब्यांची गाडी दुसऱ्या गाडीला भिडते. इंजिनं खेळतात, हरलेली आख्खी गाडी जिंकलेल्या गाडीला मागून जोडली जाते. शेवटी दोन लांबलचक गाड्या उरतात आणि निम्मं शिबिर एकाचं नाव ओरडत असतं, निम्मं दुसऱ्याचं. खेळ काही मिनिटांत संपतो, लगेच पुन्हा घेता येतो, आणि तेवढ्यात सगळ्यांना एकमेकांची नावं कळतात.

तो शिकवायचा असा. सगळ्यांना गोलात उभं करा. मध्ये तुम्ही आणि एक सहकारी खेळून दाखवा आणि मुद्दाम हरा. मग जिंकलेल्याच्या मागे जाऊन नाटकीपणे त्याचं नाव ओरडा. मुलं हसतील. आता दोन मुलांना मध्ये घ्या, मग चौघांना. सगळ्यांना सोडण्याआधी थांबण्याची खूण शिकवा: तुमचा हात वर गेला की सगळ्यांचे हात वर आणि तोंड बंद. ही खूण खेळाआधी दोनदा खोटीखोटी करून घ्या. ती बसलेली नसताना खेळ सुरू केला तर नंतर आवाज बसेपर्यंत ओरडावं लागतं. खांद्यावर हात ठेवलेला नको असेल त्या मुलाला रुमालाचं टोक धरू द्या.

दर सत्रासाठी एक जास्तीचा खेळ आणि पावसाच्या दिवसासाठी आख्खा वेगळा कार्यक्रम हाताशी ठेवा. दोरी, खडू, जुनी वर्तमानपत्रं आणि एक चेंडू असला तरी खूप निभावतं. आणि मुलांना हे विचारायला विसरू नका: ‘तुमचा खेळ मला शिकवता?’ तुम्ही चुकता, ते दुरुस्त करतात, भाषाही त्यातच शिकवतात. पहिल्या दोन-तीन दिवसांत ओळख व्हायला यापेक्षा चांगला उपाय मला सापडलेला नाही.

प्रत्येक गटात कडेला उभं राहणारं एक मूल असतंच. त्याला ओढून आत आणू नका. एक मुलगी रोज गोलाबाहेर बाकाला टेकून उभी राहायची. तिच्या हातात थांबघड्याळ दिलं आणि फेरी संपली की हात वर करायचं काम सोपवलं. ती खेळली नाही, पण खेळ तिच्या हातात आला. नंतर ती आपणहून एका गाडीचा शेवटचा डबा झाली. अशा मुलांसाठी कामं तयार ठेवा: गुण लिहिणं, साहित्य वाटणं, मोजणीत तुमच्यासोबत चालणं.

तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना लहानांचे खेळ देऊ नका, अपमान वाटतो. त्यांना जबाबदारी द्या, खेळाची आखणी करायला सांगा.

घरची आठवण, भांडणं आणि न सांगितलेली दुखणी

निवासी शिबिरात घरची आठवण बहुतेक सगळ्या मुलांना थोडीफार येते आणि त्यात बिघडलेलं काही नसतं. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पीडिॲट्रिक्सने २००७ मध्ये यावर अहवाल काढला होता. त्यातला एक सल्ला पालकांसाठी आहे: ‘नाही आवडलं तर न्यायला येऊ’ असा सौदा आधी करू नका, कारण त्यातून ‘तुला जमणार नाही’ असाच संदेश मुलाला जातो. आपल्यासाठीही तेच. रडणाऱ्या मुलाला ‘उद्या आई येईल’ असं खोटं सांगू नका. ‘आठवण येते ना? कोणाची जास्त?’ असं विचारा, ऐका, पत्र किंवा चित्र काढायला द्या आणि लगेच पुढचं छोटं काम द्या. ओढ रात्री आणि जेवणाच्या वेळी वाढते, तेव्हा जवळ असा. मूल सलग जेवत नसेल, झोपत नसेल, तर वरिष्ठांना सांगा.

भांडणात आधी दोघांना दूर करा आणि शांत होऊ द्या, न्याय नंतर. भाषा पुरेशी येत नसेल तर न्याय करायला बसूच नका. जो चांगलं बोलतो त्याची बाजू खरी वाटते. स्थानिक सहकाऱ्याला बोलवा.

युद्ध, विस्थापन किंवा घरातली हिंसा पाहिलेली मुलं असतील तर काही गोष्टी आधीच ठरवा. फुगे फोडणं नाही, अचानक दिवे घालवणं नाही, मागून येऊन घाबरवणं नाही, शिट्टीऐवजी हात वर करण्याची खूण. ‘तुझे बाबा काय करतात?’, ‘तुझं घर कुठे?’ असले ओळखीचे प्रश्न टाळा. ‘तुला काय काढायला आवडतं?’ चालेल. दिवसाचा क्रम चित्रांत काढून भिंतीवर लावा आणि तो पाळा. पुढे काय होणार हे माहीत असणं या मुलांना फार आधार देतं. त्यांच्या कहाण्या काढून घेणं हे आपलं काम नाही.

ऊन, पाणी, जखमा

तहान लागण्याची वाट न पाहता ठरावीक वेळाने सगळ्यांना पाणी प्यायला लावा आणि दुपारचे धावण्याचे खेळ सकाळी घ्या. सनस्क्रीन किमान एसपीएफ ३०, बाहेर पडण्याआधी पंधरा मिनिटं, मग दर दोन तासांनी आणि पोहून आल्यावर. पालकांची परवानगी असेल तरच, आणि मुलाने स्वतःच्या हाताने लावलेलं उत्तम. मूल मलूल झालं, डोकं दुखतंय, मळमळतंय म्हणालं तर सावलीत न्या, पाणी द्या, अंग गार करा. ते असंबद्ध बोलू लागलं किंवा शुद्ध हरपू लागली तर ती आणीबाणी आहे: फोन करा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत गार पाण्याने अंग थंड करत राहा.

पाण्यात बुडणारं मूल सहसा ओरडत नाही. तोंड पाण्याच्या पातळीशी वर-खाली होत असतं, ओरडायला श्वास नसतो आणि मदतीसाठी हात हलवता येत नाही. म्हणून पाण्याजवळ उभं असताना गप्पा नाहीत, मोबाइल नाही, आणि तुमचं काम फक्त पाहणं. जीवरक्षक असला तरीही.

डोक्याला मार लागला तर मूल ठीक दिसलं तरी त्या दिवशी खेळ बंद आणि पालकांना निरोप. नाकातून रक्त आलं तर मान पुढे झुकवून नाकाचा मऊ भाग दहा-पंधरा मिनिटं दाबून धरा, मान मागे टाकायची नाही. भाजलं तर वीस मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली, वर काहीही लावायचं नाही. गोचीड चिकटलेली दिसली तर टोकदार चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढा आणि नोंद करा.

तीव्र ॲलर्जीत ओठ-जीभ सुजणं, श्वास घरघरणं, मूल एकदम ढेपाळणं अशी लक्षणं दिसतात. त्या मुलासाठी ॲड्रेनॅलिनचा ऑटो-इंजेक्टर (औषध आधीच भरलेलं, पेनासारखं इंजेक्शन) दिलेला असेल तर ते इंजेक्शन मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मध्यभागी, गरज पडल्यास कपड्यावरूनच दिलं जातं. मुलाला आडवं ठेवतात, श्वास लागत असेल तर बसवतात, चालवत नाहीत. बरं वाटलं तरी रुग्णवाहिका बोलवायचीच. कोणाकडे इंजेक्टर आहे, तो कुठे ठेवलाय आणि द्यायला कोण शिकलंय हे पहिल्या सकाळी विचारा. सरावाचा इंजेक्टर असेल तर स्वतः हाताळून पाहा. प्रत्येक किरकोळ जखमेचीही वहीत नोंद करा. संध्याकाळी पालक विचारतात तेव्हा ‘माहीत नाही’ हे उत्तर विश्वास घालवतं.

सहकाऱ्यांसोबत

पहिल्या आठवड्यात सुधारणा सुचवू नका. वरवर विस्कळीत वाटणाऱ्या पद्धतीमागे बहुधा काहीतरी घडून गेलेलं असतं. सुरक्षिततेचा मुद्दा मात्र याला अपवाद. तो त्याच क्षणी बोला. मुलांसमोर सहकाऱ्याला दुरुस्त करू नका. तिथली सोळा-सतरा वर्षांची स्वयंसेवक मुलं असतील तर त्यांना पुढे करा आणि तुम्ही मागे राहा. पुढच्या वर्षी शिबिर तेच चालवणार आहेत, तुम्ही नाही.

सुट्टीचा दिवस खरोखर सुट्टी म्हणून घ्या. थकलेला माणूस मोजणीत चुकतो आणि मुलांवर खेकसतो. आजारी असाल तर कळवा, ओढत येऊ नका.

निरोप

मुलांना शेवटच्या दिवशी अचानक कळता कामा नये. चार-पाच दिवस आधी सांगा, भिंतीवरच्या दिनक्रमात तुमचा शेवटचा दिवस दाखवा. ‘मी परत येईन’ असं नक्की ठरलेलं नसेल तर म्हणू नका. ही मुलं वाट पाहतात. ज्यांच्या आयुष्यातून आधीच माणसं निघून गेली आहेत, त्यांना आणखी एक फसलेलं वचन देऊ नका. निरोपाचा कार्यक्रम छोटा ठेवा आणि त्याच्या मध्यभागी मुलांचं काम असू द्या: त्यांनी काढलेली चित्रं, त्यांनी बसवलेलं नाटक. भेटकार्ड द्यायचं तर सगळ्यांना सारखं, संस्थेच्या नावाने.

जाण्याआधी एक वही भरून द्या. घेतलेले खेळ, प्रत्येकाला लागलेला वेळ, कोणत्या वयाला काय जमलं, साहित्य कुठे ठेवलंय, मैदानावरच्या नजरेआडच्या जागांचा हाताने काढलेला नकाशा, आणि तुम्हाला उपयोगी पडलेली ती वीस-तीस वाक्यं उच्चारांसकट. मुलांबद्दलच्या खासगी नोंदी या वहीत नकोत. त्या बालसंरक्षणाच्या जबाबदार व्यक्तीकडे द्या आणि तुमच्या मोबाइल-लॅपटॉपवरून पुसून टाका. चाव्या, ओळखपत्र, शिल्लक साहित्य परत करा. शिफारसपत्र मागायचं असेल तर वरिष्ठ शिबिराच्या धावपळीतून मोकळे झाल्यावर, पण तुम्ही निघण्याआधी मागा, आणि त्यात कामाचे तास, मुलांचा वयोगट आणि घेतलेलं प्रशिक्षण लिहायला सांगा.